सोलापुरात चांगली बिअर आणि तिच्याबरोबर चांगलं खाणं: कुठं मिळतं?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे बरीच वर्षं पुण्यात काढली. आता आई-वडिलांजवळ राहायचं म्हणून घर आवरून सोलापूरला आलोय. पुण्यात एक सवय लागली होती. शनिवारी संध्याकाळी घराजवळच्या ब्रुअरीत जायचं, तिथंच तयार झालेली एखादी व्हीट (गव्हाची) बिअर किंवा काळसर स्टाउट घ्यायची, सोबत नीट काहीतरी खायचं, दोन तास गप्पा मारायच्या आणि चालत घरी यायचं. दारू ढोसायला जायचो नाही, चव घ्यायला जायचो.

इथं आल्यावर विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता सगळीकडं फिरून बघितलं. परमिट रूम भरपूर आहेत. पण बसल्या बसल्या वेटर विचारतो, "स्ट्राँग का माइल्ड?" आणि विषय तिथंच संपतो. माझं विचारणं असं की ज्याला बिअरची चव कळते आणि ज्याला खाण्यातही रस आहे, त्यानं सोलापुरात बसावं कुठं? आणि बायकोला घेऊन जाता येईल अशी जागा हवी. हॉटेलांची जाहिरात नको, अनुभव सांगा.

सदर_बझार
काय बे, पुण्याहून आलास आणि पहिला प्रश्न हाच? आधी चटणी भजी खाऊन ये, मग बोलू. 😀

होटगी_रोड
पार्कावरची चटणी भजी आल्या दिवशीच खाल्ली मालक. आता पुढचं सांगा.

कडक_भाकरी
धागा चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत तयार होणारी) नाही म्हणून रडण्याआधी, जी बिअर मिळते ती तरी धड अवस्थेत मिळते का, हे बघायला शिका. आपल्याकडची खरी अडचण ब्रँडची नाही, उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. माल ट्रकमधून येतो, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहतो, आणि गिऱ्हाईक आलं की तासभर आधी फ्रीजमध्ये टाकतात. बाटली हाताला गार लागते, पण आतली बिअर आधीच म्हातारी झालेली असते. उष्णतेनं बिअर लवकर शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध तर सगळ्यात आधी जातो.

मी काय करतो ते सांगतो. बाटली उघडण्याआधी लेबलवरची उत्पादनाची तारीख वाचतो. बहुतेक बाटल्यांवर सहा महिन्यांची मुदत असते, पण दोन महिन्यांच्या आतली मिळाली तरच घेतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली दारातल्या उजेडात मांडलेली असेल तर नाही म्हणतो, कारण हॉप्सवर उजेड पडला की उग्र वास धरतो. तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते, कॅन त्याहून चांगला. वेटर पहिल्यांदा तोंडाकडं बघत राहतो. दुसऱ्या वेळी तोच म्हणतो, "मालक, कालच नवीन पेटी आलीय, त्यातली देतो."

आसरा चौकाच्या पलीकडं एका परमिट रूमच्या मालकाला मी हे समजावून सांगितलं. त्यानं गव्हाच्या बिअरचे कॅन पेटीतून थेट फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली. आता तिथं ती मागणारी पाच-सहा टेबलं तरी आहेत. मागणी आपणच तयार करायची असते.

अक्कलकोट_नाका
+१. आणि ग्लास! साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस बसतोच. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास नीट धुतलेला नाही. सरळ बदलून मागा.

हुतात्मा_प्रवासी
होटगी_रोड, मी अजून पुण्यालाच नोकरी करतो, शनिवार-रविवार सोलापूरला येतो. अडीचशे किलोमीटर अंतर, रेल्वे सोयीची, म्हणून जमतं. पुण्यात २००९ साली डूलाली या ब्रुअरीनं सुरुवात केली, त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट असे बरेच जण आले. पुण्याच्या लोकांनाही ही सवय अशीच हळूहळू लागली, जन्मजात नव्हती. तेव्हा सोलापूरला जमणार नाही असं मी तरी म्हणणार नाही.

ग्राउलर (ताजी बिअर न्यायची मोठी बाटली) भरून गाडीतून आणायचा प्रयत्न करू नका. ताजी बिअर गाळलेली, पाश्चराइज केलेली नसते. टेंभुर्णी येईपर्यंत ती तापते आणि फेस उडून जातो.

माल्टवाला
मी पुण्यात एका ब्रुअरीत काम करतो, मूळचा बार्शीचा. हुतात्मा_प्रवासींच्या म्हणण्यात थोडी भर. ग्राउलर बर्फाच्या पेटीत पूर्ण गार राहिला तर दीड-दोन दिवस टिकतो. प्रश्न उघडझाप आणि उष्णतेचा असतो.

सोलापुरात मायक्रोब्रुअरी (छोटी ब्रुअरी) का उभी राहत नाही, याचं माझ्या मते पहिलं कारण पाणी. एक लिटर बिअर करायला टाक्या धुणं, थंड करणं वगैरे धरून चार ते सात लिटर पाणी सहज लागतं. जिथं घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं हा हिशोब टँकरवर जातो. उजनी भरलेलं असूनही ही स्थिती आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कारण थंडावा. एल जातीची बिअर अठरा ते बावीस अंशांवर आंबवतात, लागर तर आठ ते बारा अंशांवर, आणि तीही कित्येक आठवडे. बाहेर बेचाळीस अंश असताना टाकी बारा अंशांवर धरून ठेवायची म्हणजे विजेचं बिल बघायला नको. परवाना, उत्पादन शुल्क हे त्यानंतर आलं. पुण्यात रोज दोनशे माणसं येतात म्हणून ते परवडतं.

सत्तर_फूट_रोड
एवढं लांब कशाला जायचं? आमच्या आजोबांच्या काळी यंत्रमागाची पाळी सुटली की लोक शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस, प्यायचे. झाडावरून उतरवली की काही तासांत आपोआप आंबते, हवेतलं आणि मडक्यातलं यीस्टच काम करतं. ना हॉप्स, ना माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य). तेलंगणात अजून गावोगावी मिळते. आमच्या पद्मशाली घरांमधून जुनी माणसं त्या चवीच्या आठवणी सांगतात. तुम्ही आज ज्याला ताजं, स्थानिक, न गाळलेलं म्हणताय, ते सगळं तिच्यात होतं.

नवीपेठ_आजोबा
शिंदीचा विषय निघालाच आहे तर सोलापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गांधीजींना अटक झाल्यावर ८ मे १९३० रोजी आपल्या गावचे लोक रूपाभवानीच्या देवळाकडं गेले ते शिंदीची झाडं तोडायला. दारूबंदी हा तेव्हा स्वराज्याच्या लढ्याचाच भाग होता. त्या दिवशीच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला. पुढं मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना हे माहीत असावं असं मला वाटतं.

मी स्वतः पीत नाही. गिरणीच्या चाळीत पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. बायका गेटवर उभ्या राहायच्या, पगार आधी हातात घ्यायला. तुम्ही चवीनं पिता म्हणता, चांगलं आहे. पण या गावात दारूनं किती घरं बसली, हेही धाग्यात नोंदलेलं असू द्या.

होटगी_रोड
आजोबा, मनापासून धन्यवाद. रूपाभवानीचं मला माहीत नव्हतं. तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि म्हणूनच मला अशी जागा हवी जिथं पिणं हा मुख्य कार्यक्रम नसेल.

कडक_भाकरी
आजोबांच्या पोस्टला मान देऊन एक व्यवहाराची गोष्ट. गाडी चालवणार असाल तर एकही नको. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की गुन्हा होतो, आणि एक मोठी स्ट्राँग बाटली तिथं सहज पोचवते. रिक्षा करा. आणि बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५, हे कॉलेजच्या पोरांनी वाचून ठेवावं.

मुक्ता_जुळेसोलापूर
आता माझं ऐका. धाग्यात पाणी, यीस्ट, इतिहास सगळं झालं. बायकोला घेऊन जाता येईल का, या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही.

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी महिन्यातून एकदा जेवायला बाहेर जातो, कधी तरी एखादा पिंट घेतो. सोलापुरात याचा अर्थ काय होतो? "फॅमिली सेक्शन" नावाची खोली, तिला पडदा, आत ट्यूबलाइट, पंखा बंद. वेटर आमच्याकडं न बघता विचारतो, "साहेब येणारेत का?" स्वच्छतागृह पुरुषांच्या बाजूनं, तेही गर्दीतून जायचं. एकदा तर बिल देताना मालकानं आम्हाला ऐकू जाईल असं शेजाऱ्याला म्हटलं, "काळ बदलायलाय." मी तिथं परत गेले नाही.

याउलट होटगी रोडच्या बाजूची एक-दोन गार्डन रेस्टॉरंट आहेत. उघड्यावर टेबलं, नीट उजेड, लहान मुलं खेळतात, कडेला कुणी बिअर घेत असतं, कुणी नुसती आमटी-भाकरी खात असतं. तिथं कुणी वळून बघत नाही. माझा सल्ला असा: जागा निवडताना आधी स्वच्छतागृह बघा, मग मेनू. ते स्वच्छ असेल तर स्वयंपाकघरही बहुतेक स्वच्छ असतं.

सदर_बझार
मुक्ताताई, शंभर टक्के. माझी बहीण हेच म्हणते. नावं इथं टाकू नका, मला मेसेज करा, तिला सांगतो.

शीकप्रेमी
खाण्याचं कुणी बोलणार की नाही? 🙂

बिअरबरोबर पनीर चिली आणि चायनीज भेळ खाणाऱ्या सोलापूरकरांचं मला वाईट वाटतं. आपल्याकडं काय नाही? भट्टीवरचे शीक कबाब आहेत. विजापूर वेशीत रमजानच्या बाजारात संध्याकाळी जाऊन बघा, धुरानंच पोट भरतं. सावजी मटण आहे. कडक भाकरी आहे, ती मोडून शेंगा चटणीत बुडवायची. मला विचाराल तर बिअरचा जगातला सगळ्यात चांगला जोडीदार हाच. शेंगदाण्याचं तेल, लसूण, लाल तिखट, थोडं जिरं, आणि भाकरीचा कुरकुरीतपणा. बिअरमधला वायू तेल धुऊन काढतो आणि जीभ पुढच्या घासाला तयार होते.

पण एक लक्षात ठेवा. सावजीबरोबर कडू बिअर अजिबात घेऊ नका. आयपीएसारख्या बिअरमधला कडूपणा तिखटाला चढवतो. स्ट्राँगही तसंच करते. मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना भडकवतात. तिथं गव्हाची बिअर घ्या, किंचित गोडसर. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात, ती आपल्या मसाल्याशी छान जमते. शीकबरोबर मात्र काळसर, भाजलेल्या माल्टची बिअर मिळाली तर सोडू नका.

सत्तर_फूट_रोड
आणि शाकाहारी माणसानं? मुगाची भजी, मिरची भजी, धपाटे-दही. थंडीत हुरडा. गव्हाच्या बिअरबरोबर हुरडा खाऊन बघा कुणीतरी.

अक्कलकोट_नाका
हुरड्याबरोबर ताक. बाकी काही नाही. यावर मी भांडायला तयार आहे.

शीकप्रेमी
ताकाला आव्हान देण्याची माझी छाती नाही. माघार.

मंगळवेढेकर
हुरड्यावरून ज्वारीवर येतो, कारण मला इथं एक कळकळीचं म्हणणं मांडायचंय.

तुम्ही सगळे जवाच्या बिअरबद्दल बोलताय. आपला जिल्हा ज्वारीचा आहे. मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या केंद्रात निवडलेली जात, आजही रब्बीत तिच्यावरच शेतकऱ्याचा भरवसा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूरला रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. आणि बिअर ज्वारीची होते, ही काही माझी कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी नावाची घरगुती बिअर ज्वारी आणि मक्याची करतात, पिढ्यान्‌पिढ्या. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्या ज्वारीवर गेल्या. गिनेससुद्धा. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी परदेशात ज्वारीची बिअर मुद्दाम करतात.

मग सोलापूरची बिअर जवाची का असावी? माझ्या घरी दरवर्षी ज्वारी होते. भाव पडला की पोती तशीच पडून राहतात. उद्या कुणी म्हणालं की मालदांडीचं माल्ट करून द्या, तर गावातली निम्मी माणसं उभी राहतील.

माल्टवाला
मंगळवेढेकर, तुमची पोस्ट वाचून खूप बरं वाटलं. मी यावर आमच्याकडं लहान प्रमाणात काम केलंय, म्हणून अडचणी आणि वाट दोन्ही सांगतो.

ज्वारीचं पीठ शिजायला जवापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. जव पासष्ट अंशांच्या आसपास पाण्यात धरला की त्याचं पिष्ट सुटतं आणि त्याच्याच एन्झाइम त्याची साखर करतात. ज्वारीचं पिष्ट त्या तापमानाला नीट फुलतच नाही, आणि तापमान वाढवलं तर एन्झाइम मरतात. शिवाय ज्वारीत त्या मुळातच कमी असतात. म्हणून आधी ज्वारी वेगळी शिजवून घ्यायची, गार करायची, मग जवाच्या माल्टमध्ये मिसळायची किंवा बाहेरून एन्झाइम घालायच्या. वीस-तीस टक्के ज्वारी असेल तर काम सोपं होतं. चव हलकी, कोरडी, शेवटी भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारी. मला ती आवडली.

एक गंभीर सूचना. ज्वारीला मोड आणून घरी माल्ट करायच्या फंदात कुणी पडू नये. मोडांमध्ये धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं मरतात ती याच कारणानं, शेतकऱ्यांना ते माहीत आहे. कारखान्यात मोड आणि मुळं वाळवून पूर्ण काढून टाकतात. आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यानंही गुन्हा आहे.

सदर_बझार
हे वाचून मी मगाशी भिजत घालायला काढलेली ज्वारी परत डब्यात टाकली. 😀

मंगळवेढेकर
माल्टवाला, म्हणजे पाच पोती दिली तर एक घाणा निघेल?

माल्टवाला
पाच पोती खूप झाली. आमची टाकी पाचशे लिटरची आहे, वीस-तीस टक्क्यांच्या हिशोबानं पंचवीस-तीस किलो ज्वारी पुरते. मालकाशी बोलतो. मालदांडीच आणा, हायब्रीड नको. आणि गेल्या रब्बीची, किड नसलेली.

चव_नको_पगार_हवा
सगळं वाचलं. मला पटत नाही. पुण्यात एक मग साडेतीनशे-चारशे रुपयांना. सोलापुरात तेवढ्यात चार माणसं मटण खातात. यंत्रमागावर आठवड्याच्या पगारात काम करणाऱ्याला हा धागा काय कामाचा? मूठभर लोकांची हौस आहे ही.

कडक_भाकरी
भाऊ, किमतीचं बोलणं बरोबर आहे. पण मी वर जे लिहिलं, तारीख वाचणं, ग्लास बदलून मागणं, गार साठवलेली मागणं, त्याला एक रुपया जास्त लागत नाही. तुम्ही तेच पैसे देता आणि शिळा माल घेता. कामगारालाही ताजं मिळायला हवं, उलट त्यालाच आधी. त्यानं दिवसभर मागावर उभं राहून कमावलेलं असतं.

चव_नको_पगार_हवा
हे पटलं. तारीख कुठं छापलेली असते?

कडक_भाकरी
बाटलीवर लेबलच्या कडेला किंवा मानेवर, कॅनच्या बुडाशी. मोबाईलचा टॉर्च लावून बघा.

होटगी_रोड
मंडळी, थोडा उशीर झाला उत्तर द्यायला. मुक्ताताईंनी मेसेजमध्ये सांगितलेल्या गार्डनला परवा बायको आणि आईसह जाऊन आलो. आईनं आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी जेवण केलं. झाडाखाली टेबल मिळालं. मी तारीख बघूनच गव्हाच्या बिअरचा कॅन घेतला, पाच आठवड्यांपूर्वीचा होता. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागवली तर मेनूत नव्हती. वेटरला विचारलं, तर म्हणाला, "आमच्यासाठी केलेली आहे आत, देऊ का?" त्यांच्या जेवणातली ताट भरून दिली आणि पैसे घेईनात. मी बळंच दिले. निघताना मालकाला भेटून सांगितलं की ही ताटली मेनूत लावा, शंभर रुपये ठेवा, लोक घेतील. ते म्हणाले, "गावठी खाणं कोण मागतंय?" मी म्हटलं, मी आणतो दहा जण.

तर आता माझा शब्द राखायचाय. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता कोण कोण येतंय?

शीकप्रेमी
मी. दोन मित्रांसह.

मुक्ता_जुळेसोलापूर
आम्ही तिघी.

नवीपेठ_आजोबा
रविवारी आषाढी एकादशी आहे, ड्राय डे. पंढरपूर जिल्ह्यात असताना ही तारीख विसरून कसं चालेल?

होटगी_रोड
मग पुढच्या शनिवारी. श्रावण लागायच्या आत उरकू, म्हणजे शीकवाल्यांचीही सोय होईल.

हुतात्मा_प्रवासी
शनिवारी मी गावातच असतो. धरा मला. माल्टवाल्यांना सोबत आणतो.

माल्टवाला
येतो. मंगळवेढेकर, त्याच दिवशी ज्वारी घेऊन या, परत जाताना पुण्याला नेतो.

मंगळवेढेकर
तीस किलो, चाळून, निवडून. पिशवीवर नाव टाकून ठेवतो.

नवीपेठ_आजोबा
मीही येईन म्हणतो. माझ्यासाठी लिंबू सोडा सांगा, आणि भाकरी जरा जास्त करायला लावा. कडक भाकरी माझ्या दातांना होत नाही, मी ती आमटीत कुस्करून खातो.